डाव्या बरगडीखाली

वय २९. लग्नाला चार वर्षं, मूल नाही. माहेर भांडुपला, सासर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. मुलुंडच्या एका पतपेढीत काउंटरवर नोकरी. तक्रार अशी, की जेवण जात नाही, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, दोन महिन्यांत वजन चार किलो उतरलं आणि रात्री घामाने उशी भिजते.

मार्च महिन्यात केस पेपरवर मी एवढं लिहिलं आणि खाली माझ्याच अक्षरात दोन शब्द जोडले: टीबी परत?

या दोन शब्दांपायी पाच आठवडे गेले. तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही, पण माझी चूक मात्र झाली तशी सांगते.

ती शाळेत असल्यापासून माझ्याकडे येते. १७ वर्षांची असताना तिच्या उजव्या फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं. ते टीबीचं होतं. निदान मीच केलं, सहा महिन्यांची औषधं माझ्या डोळ्यांसमोर पुरी झाली आणि ती ठणठणीत बरी झाली. त्यामुळे ती दारातून आत आली की मला आधी तिची छाती आठवायची. वजन उतरलंय, घाम येतोय म्हटल्यावर मी एक्स-रे काढायला सांगितला. उजव्या कोपऱ्यात जुन्या आजाराची थोडी जाडी सोडली तर तो स्वच्छ होता. ईएसआर, म्हणजे अंगात कुठेतरी दाह आहे का ते सुचवणारा रक्तातला आकडा, वाढलेला, थुंकीत काही नाही. मी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. दोन आठवड्यांनी ती परत आली, तक्रार तीच. तेव्हा तिच्या वंध्यत्व केंद्राच्या फेऱ्या चालू होत्या, म्हणून मी ताणाचं कारण धरलं आणि गोळी बदलली.

तिसऱ्या खेपेला ती जाता जाता म्हणाली, "मॅडम, डाव्या कुशीवर झोपवत नाही. आत दगड ठेवल्यासारखं वाटतं."

तिला टेबलावर झोपवलं, गुडघे दुमडायला लावले. हात उजव्या जांघेपासून सुरू करून तिरका डाव्या बरगडीकडे नेत गेले आणि लांब श्वास घे म्हटलं. बेंबीच्या जरा वर, डावीकडे, एक टणक कड माझ्या बोटांवर येऊन टेकली. श्वास सोडला, की मागे जायची. पुन्हा घेतला, की पुन्हा यायची. कडेवर एक खाच लागत होती. पाणथरी, म्हणजे प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन. बरगडीच्या खाली मोजून नऊ सेंटिमीटर.

निरोगी माणसाची पाणथरी हाताला लागत नाही. ती एवढी वाढली की जठराला पसरायला जागा राहत नाही आणि दोन घासांत पोट भरतं. तिची पहिल्या दिवसापासूनची तक्रार हीच होती, आणि दोन खेपांत मी तिच्या पोटाला हात लावला नव्हता. बाहेर गर्दी होती हे खरं. भांडुपच्या दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता ती असतेच.

मुंबईत पाणथरी वाढलेली दिसली की आधी मलेरिया, टायफॉइड, लिव्हर यांचा विचार होतो. रक्त पाठवलं. त्याच संध्याकाळी लॅबमधून फोन आला. टेक्निशियन मुलगा म्हणाला, "मॅडम, सॅम्पल दोनदा लावलं. मशीन बरोबर आहे."

पांढऱ्या पेशी १,६४,०००. सर्वसाधारणपणे त्या ४,००० ते ११,००० असतात. हिमोग्लोबिन १०.१, प्लेटलेट ६,२०,०००. मायलोसाइट, मेटामायलोसाइट, म्हणजे एरवी बोन मॅरोबाहेर, हाडांच्या आतल्या मगजाबाहेर, न दिसणाऱ्या अर्ध्या वाढीच्या पेशी रक्तात फिरत होत्या. बेसोफिल, हा पांढऱ्या पेशींचा एरवी विरळ प्रकार, ६ टक्के. ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, २ टक्के.

तिची जुनी फाईल उघडली. वंध्यत्व केंद्रात दहा महिन्यांपूर्वी केलेला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, त्यात होता. पांढऱ्या पेशी १४,८००, बेसोफिल ३ टक्के. आकडा जरासाच जास्त, सर्दी-खोकला असेल म्हणून सोडून देण्यासारखा. केंद्राने सोडला, आणि नंतर फाईल माझ्या हाताखालून दोनदा गेली तेव्हा मीही सोडला.

ती रात्र

रिपोर्ट मला कळायच्या आधीच तिच्या मोबाईलवर पोहोचला होता. आता लॅबवाले तो आपोआप पाठवतात. दिराने त्यातले शब्द शोधून पाहिले आणि साडेनवाला दवाखान्यात पाच माणसं उभी राहिली: ती, नवरा, दीर, सासूबाई आणि धावतपळत आलेली तिची आई. 'ब्लड कॅन्सर' हा शब्द आधीच घरात शिरला होता. सासूबाईंनी एकच विचारलं, "किती दिवस?"

अशा वेळी काही होणार नाही म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. ते मी म्हटलं नाही, कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. जे ठाऊक होतं ते क्रमाने सांगितलं.

पहिलं म्हणजे, एवढा आकडा कॅन्सरशिवायही कधी कधी वाढतो. जबरदस्त इन्फेक्शनला शरीर असं उत्तर देतं, त्याला ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात. पण तो बहुतेक वेळा लाखाच्या आत राहतो, बेसोफिल असे वाढत नाहीत आणि पाणथरी नऊ सेंटिमीटरवर जात नाही. त्यामुळे ही शक्यता कमी. दुसरं, ल्युकेमिया हे एका आजाराचं नाव नाही. अक्यूट प्रकारात ब्लास्ट, म्हणजे वाढच न झालेल्या कच्च्या पेशी, २० टक्के किंवा त्याहून जास्त असतात. तसं असतं तर मी तिला त्याच रात्री टॅक्सीत बसवलं असतं. हिच्यात २ टक्के आहेत. हे चित्र क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचं, सीएमएलचं वाटतं. तो हळू चालतो आणि त्याच्यावर गोळी आहे. तिसरं, खात्री एका तपासणीने होते. ती होईपर्यंत कोणी कसलाही निर्णय घ्यायचा नाही, आपल्या मनाने कसलंही औषध सुरू करायचं नाही.

"गोळी म्हणजे केमो?" नवऱ्याने विचारलं.

"केमो नाही. रोज घ्यायची गोळी. बीपीची घेतात तशी."

बीपीची ही उपमा मी नंतर बदलली. का, ते पुढे येईल.

नऊ दिवस

परळच्या हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, बीसीआर-एबीएल या सीएमएलच्या खुणेच्या तपासणीसाठी रक्त घेतलं आणि कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढला. आकडा खाली आणायला हायड्रॉक्सियुरिया सुरू केलं, सोबत युरिक ॲसिड वाढू नये म्हणून गोळी आणि भरपूर पाणी. रिपोर्टला नऊ दिवस लागले.

या नऊ दिवसांत नातेवाईक खरे कामाला लागले. साताऱ्याकडच्या एका मामांनी कुठल्याशा गावातला काढा आणला. मी बाटली हातात घेऊन पाहिली, लेबल नव्हतं. टाकून द्या म्हणाले नाही, कारण ते प्रेमाने आणलेलं होतं. सांगितलं, की यात काय आहे ते कळत नाही, आणि पुढे जी गोळी मिळणार आहे ती लिव्हरमधून जाते. लिव्हरला दोन्ही एकदम झेपेल की नाही कोण सांगणार? बाटली फ्रिजवर राहिली. एका चुलत जावेच्या ओळखीने ते एका खासगी रुग्णालयातही जाऊन आले. तिथे बीसीआर-एबीएल यायच्या आधीच बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या खर्चाचा अंदाज हातात मिळाला, वीस लाखांच्या वरचा. नवऱ्याने गावच्या जमिनीची चौकशी सुरू केली होती. निदानाचं नावच पक्कं झालेलं नसताना माणसाला जमीन विकायच्या विचाराला लावणं मला अक्षम्य वाटतं. असं करणाऱ्याने पेशंटच्या घरी एक रात्र काढून पाहावी.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला. बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह. बोन मॅरोत ब्लास्ट ३ टक्के. क्रॉनिक फेज, म्हणजे आजाराचा संथ टप्पा. वय, पाणथरी, प्लेटलेट आणि ब्लास्ट यांवरून आजाराचा धोका मोजायला काढतात तो सोकाल स्कोअर मध्यम गटात.

आजार काय आहे

सासूबाईंना समजावताना मी पानावर दोन काड्या काढल्या. पेशीतली ९ नंबरची गुणसूत्राची काडी आणि २२ नंबरची. दोन्हींचे तुकडे मोडून एकमेकींना चिकटतात. आखूड झालेली २२ नंबरची काडी १९६० साली फिलाडेल्फियात पहिल्यांदा दिसली. ती अशी अदलाबदलीतून तयार होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. जोडाच्या जागी बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं आणि पेशींना सतत 'वाढा, वाढा' सांगत राहतं. नळाचा वॉशर गेल्यावर तोटी कितीही पिळली तरी पाणी चालूच राहतं, तसं. हे आईवडिलांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. सासूबाईंनी हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

या आजाराचा इतिहास आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. मी शिकत होते तेव्हा सीएमएल म्हणजे काही वर्षांची सोबत असायची. हायड्रॉक्सियुरियाने आकडा खाली यायचा पण आजार थांबायचा नाही. इंटरफेरॉनची इंजेक्शनं तापाने हैराण करायची. मुळापासून बरा करणारा एकच उपाय होता, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. देशातला पहिला यशस्वी ट्रान्सप्लांट याच परळमध्ये, टाटा मेमोरियलमध्ये, १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी केला. पण सख्ख्या भावा-बहिणीशी जुळण्याची शक्यता चारात एक, शिवाय उपचारातच जीव जाण्याचा धोका.

मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. ही गोळी त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचं काम थांबवते. तिच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात दहा वर्षांनी ८३ टक्क्यांहून जास्त पेशंट जिवंत होते. आमच्याकडे अडचण किमतीची होती. मूळ कंपनीच्या औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास लागत, भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिकचा रस्ता कायम राहिला. मुलुंडच्या पतपेढीतल्या मुलीला आज ही गोळी परवडते त्यामागे ही लढाई आहे, आणि मी हे प्रत्येक सीएमएलच्या पेशंटला सांगते.

काय निवडायचं

ट्रान्सप्लांट मागे पडला. आता तो गोळ्या लागू न पडणाऱ्यांसाठी किंवा आजार ब्लास्टच्या, म्हणजे आक्रमक, टप्प्यात गेलेल्यांसाठी ठेवतात. त्याआधीच्या जोरदार केमोने बीजकोश निकामी होण्याची शक्यता मोठी, आणि हिला मूल हवं होतं.

हेच तिने पहिल्या भेटीत हिमॅटॉलॉजिस्टना विचारलं होतं. जगेन का, हे नंतर.

उत्तर सरळ नव्हतं. या गोळ्यांवर असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, कारण बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी आणि मग पक्कं संतती नियमन. पण आजार खूप खोलवर दबला, म्हणजे बीसीआर-एबीएल दहा हजारांत एकाच्या खाली जाऊन निदान दोन वर्षं तिथेच राहिला, तर देखरेखीखाली गोळी थांबवून पाहता येते. इमॅटिनिब असेल तर एकूण पाच वर्षं गोळी झालेली असावी लागते, नव्या पिढीच्या गोळ्यांवर चार. थांबवणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, तोही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. गोळी पुन्हा सुरू केली की तो जवळजवळ नेहमीच परत दबतो. मधल्या मोकळ्या काळात मूल होऊ शकतं.

म्हणून डॉक्टरांनी नव्या पिढीतलं डॅसॅटिनिब सुचवलं. ते इमॅटिनिबपेक्षा लवकर आणि खोल काम करतं. दोघांची तुलना केलेल्या अभ्यासात पाच वर्षांत चांगला प्रतिसाद डॅसॅटिनिबच्या ७६ टक्के पेशंटना मिळाला, इमॅटिनिबच्या ६४ टक्क्यांना. जगण्यात मात्र फरक नव्हता, ९१ आणि ९० टक्के. बाळाची वाट पाहणाऱ्या मुलीला पहिला आकडा महत्त्वाचा. विचार करायला आठवडा दिला आणि ती कागद घेऊन माझ्याकडे आली.

मी आधी मागचं पान पाहिलं. जुन्या आजारांची यादी. मधुमेह: नाही. दमा: नाही. टीबी: नाही.

सासूबाई शेजारीच होत्या. काकू, बीपी बघून घेऊ म्हणून मी त्यांना आमच्या मदतनीस ताईंबरोबर बाहेर बसवलं आणि दार लावलं.

"टीबी नाही असं का सांगितलंस?"

तिने खाली पाहिलं. "आई बाजूलाच होत्या ना. लग्न ठरताना माझ्या आईने शपथ घातली होती, की हे सासरी कळता कामा नये."

मला तिच्या आईचा राग आला नाही. टीबी झालेल्या मुलीचं लग्न जमवणं काय असतं हे मी याच वस्तीत पाहिलंय. पण तिला सांगितलं ते असं: डॅसॅटिनिबचा एक ठळक त्रास म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणात पाणी होणं. त्याच अभ्यासात पाच वर्षांत चारातल्या एकापेक्षा जास्त जणांना ते झालं होतं. तुझं हे आवरण एकदा आजारलेलं आहे. उद्या पाणी झालं तर ते गोळीचं की जुन्या टीबीचं, हे मुंबईत कोणीही पटकन सांगू शकणार नाही. सुई घालून पाणी काढतील, गोळी थांबवतील, कदाचित टीबीचं औषध चालू करतील. आणि त्यातलं रिफॅम्पिसिन या सगळ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण एकदम खाली आणतं, म्हणजे एका आजाराचं औषध दुसऱ्याच्या औषधावर उठेल.

"मी तुझ्या परवानगीशिवाय एक अक्षर लिहिणार नाही," मी म्हटलं. "पण हे डॉक्टरांना माहीत नसताना तू ही गोळी घेऊ नयेस."

दोन दिवस तिचा फोन आला नाही. ते मला त्या नऊ दिवसांपेक्षा लांब वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आणि नवरा दोघं आले. तिने त्याला आदल्या संध्याकाळी विक्रोळी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरच सांगितलं होतं, घरी बोलायला जागा नाही म्हणून. त्याने विचारलं होतं, "आता खोकला येतो का?" आणि मग दोघांनी गाडी सोडून दिली होती.

मी पत्र लिहिलं, पाकीट बंद केलं. वर फक्त डॉक्टरांचं नाव.

इथे एक गोष्ट सगळ्या सहकाऱ्यांना कळकळीने सांगते. सासरची माणसं शेजारी असताना विवाहित मुलीला टीबी, गर्भपात, जुनी औषधं असं काही विचारू नका. दोन मिनिटं तिला एकटीला आत घ्या. तिचं 'नाही' फाईलमध्ये पक्कं होऊन बसतं आणि त्यावर पुढची वर्षं ठरतात.

पत्र वाचून डॅसॅटिनिबची ओळ खोडली गेली. नव्या पिढीतल्याच निलोटिनिबचा विचार झाला. ते दिवसातून दोनदा घ्यायचं, आधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं ठेवून. ही पावणेनऊला घर सोडते. शिवाय ते साखर वाढवू शकतं आणि हृदयाच्या, पायांच्या रक्तवाहिन्यांना त्रास देऊ शकतं. तिच्या वडिलांना मधुमेह, ४८ व्या वर्षी हार्ट अटॅक. तेही बाजूला गेलं.

उरलं इमॅटिनिब, रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत. जुनं, स्वस्त, ओळखीचं. अट अशी, की तीन, सहा आणि बारा महिन्यांना तपासणी, आणि प्रतिसाद मागे पडला तर गोळी बदलायची. त्याची किंमत म्हणजे मूल होण्याआधी गोळीचं एक वर्ष जास्त, चाराऐवजी पाच. तिने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे चौतीस. माझी आई बावीसची होती मी झाले तेव्हा." थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "चालेल. पण मला छाती परत नकोय."

हा निर्णय तिचा होता. मी असते तर हाच घेतला असता असं मला वाटतं, पण तिचा वाटा सोडून देऊन मला त्याचं श्रेय घ्यायचं नाही.

पहिलं वर्ष

पहिला त्रास पापण्यांना. सकाळी डोळे सुजलेले असायचे. चाळीतल्या बायका विचारायच्या, रडलीस का ग? ज्या महिन्यांत ती खरंच रडली तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. मळमळ दोन महिन्यांनी कमी झाली. पाणथरी तिसऱ्या महिन्यात हाताला लागेनाशी झाली. मी तीनदा चाचपून पाहिलं.

तीन महिन्यांना, ऑगस्टअखेर, बीसीआर-एबीएल ६.८ टक्के. दहाच्या खाली हवा होता, आला. जेवण जायला लागलं, वजन भरून आलं.

सहा महिन्यांना १.४. हवा होता एकच्या आत. फार वाईट नाही, पण इशारा. गोळीला दाद न देणारा बदल जनुकात झालाय का, ही तपासणी करायची चर्चा झाली. त्याआधी मी तिला एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्या महिन्यातच विचारायला हवा होता: "किती गोळ्या चुकल्या?"

"चुकल्या नाहीत, मॅडम. उपासाच्या दिवशी घेतली नाही फक्त."

तिने श्रावणापासून सोळा सोमवार धरले होते. गोळी जेवणानंतर घ्यायची असं आम्हीच सांगितलेलं, आणि उपासाला जेवण नाही म्हणून गोळी नाही. त्यात हरतालिका. त्यात नवरात्राचे नऊ दिवस. बसून मोजलं तर चोवीस-पंचवीस गोळ्या. व्रत बाळासाठी होतं.

लंडनमध्ये २०१० साली झालेल्या एका अभ्यासात गोळीच्या डबीच्या झाकणात चिप बसवून मोजलं होतं. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी ९४.५ टक्के लोकांचा आजार सहा वर्षांत चांगला दबला, त्याहून कमी घेणाऱ्यांत फक्त २८.४ टक्के. नव्वद टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं. म्हणून बीपीच्या गोळीची उपमा मी सोडून दिली. बीपीची गोळी आमच्या भागात निम्मी माणसं 'आज बरं वाटतंय' म्हणून टाळतात, आणि मी माझ्याच तोंडाने तिला त्या रांगेत बसवलं होतं.

उपास सोड असं मी तिला म्हटलं नाही. सोमवारचा उपास ती संध्याकाळी जेवून सोडतेच. गोळी त्या ताटानंतर. नवरात्रात साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी खाल्ली तरी पोटात अन्न असतंच, त्यावर गोळी चालते. सगळ्या दिवसांसाठी एकच वेळ ठरवली, रात्रीचं जेवण. हे सासूबाईंसमोर बोलले, मुद्दाम. त्या म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंत? मी तिला नवरात्रात दुपारी झोपवायचे, गोळीचं कोणी बोललंच नाही."

तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर रोज रात्री सासूबाईंची पेन्सिलीची रेघ असते. नवऱ्याने त्याचा फोटो मला पाठवला होता. एकादशीच्या चौकोनातही रेघ होती.

नऊ महिन्यांना ०.३. वर्षाला, मे महिन्यात, ०.०९. एक वर्षाला ०.१ च्या आत यावं लागतं, ती आली. जनुकाच्या तपासणीची गरज पडली नाही.

पाच वर्षांतलं एक गेलं. थांबवता येईल इतका आजार खाली जाईल का, हे कोणी सांगू शकत नाही. एवढ्या खोल प्रतिसादापर्यंत सगळेच पोहोचत नाहीत, आणि हे मी तिला प्रत्येक रिपोर्टच्या वेळी सांगते, कारण तिने तसंच सांगायला लावलंय. वंध्यत्व केंद्राची फाईल तिने आईकडे भांडुपला ठेवली आहे. सासूबाईंना टीबीचं अजून माहीत नाही. काढ्याची बाटली फ्रिजवरून कधी गेली ते कोणाच्या लक्षात नाही.

माझ्या दवाखान्यात आता वजन उतरलं म्हणून कोणी आलं की आधी टेबलावर झोपवते. बाहेर गर्दी असली तरी. हात उजव्या जांघेपासून सुरू करते आणि श्वास घ्या म्हणते. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे, श्रावणाच्या आसपास. या वेळी व्रत धरायचं का, हे तिने मला विचारलं. मी विचारलं, उपास सोडायचा किती वाजता?